दुकान निवडताना काट्याकडे बघ

चि. सानिका हिस,


तुमच्या अर्व्हाइनच्या घराजवळ फ्रोझन योगर्टची तीन दुकानं आहेत. तिन्हींत कप आपल्या हाताने भरायचा, तुझ्या ईशानला तिन्ही सारखीच आवडतात, मग त्यातलं चांगलं कुठलं, असं तू विचारलंस. माझी सगळी नोकरी दुग्धपदार्थांची गुणवत्ता तपासण्यात गेली, त्यामुळे एका नावात उत्तर देऊन मोकळं होणं मला जमणार नाही. शिवाय तुझे सासू-सासरे पुढच्या महिन्यात येताहेत आणि दोघंही पक्के शाकाहारी. म्हणून सविस्तर लिहिते.

पाटीवरच्या नावावरून काहीच ठरवू नकोस. तू राहतेस तो भाग या धंद्याचं माहेर आहे. योगर्टलँड 2006 मध्ये तुमच्याच काउंटीतल्या फुलर्टनमध्ये सुरू झालं, मेन्चीज पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या व्हॅली व्हिलेजमध्ये. पण यातली बहुतेक दुकानं फ्रँचायझीवर चालतात. मिश्रण, कप, भिंतींचे रंग कंपनीचे. रात्री यंत्र उघडून धुणारे हात मात्र त्या त्या मालकाच्या माणसांचे. एकाच साखळीच्या दोन दुकानांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. म्हणून साखळ्यांची तुलना सोड, तुझ्या घराजवळच्या या तीन दुकानांचीच तुलना कर.

तिन्हीकडे पहिल्यांदा एकच चव घे: साधं आंबट योगर्ट, वर काहीही न घालता. बहुतेक ठिकाणी चवीसाठी छोटे कप ठेवलेले असतात, नसतील तर काउंटरवर माग. चॉकलेट, कुकी, शेंगदाण्याचं लोणी या चवींच्या खाली मूळ मिश्रण कसं आहे ते लपून जातं. साध्या आंबटात लपायला जागा नाही. चांगल्या मिश्रणात आंबटपणा दुधाच्या चवीबरोबर येतो आणि जिभेवर थोडा वेळ राहतो. नुसतं सायट्रिक आम्ल घालून आणलेला आंबटपणा पटकन झोंबतो आणि मागे साखरच उरते. तू घरी विरजण लावणाऱ्या आईची मुलगी आहेस, तुला हे एका चमच्यात कळेल.

अमेरिकेत फ्रोझन योगर्ट आधीपासून असं आंबट मिळत नव्हतं. 1981 मध्ये आर्कान्सातल्या लिटल रॉकला टीसीबीवाय निघालं, तेव्हाच्या दुकानांचा सारा भर ते आइस्क्रीमसारखं गोड लागावं यावर होता. दह्याची चव उघडपणे पुढे आणली ती रेड मँगो आणि पिंकबेरी यांनी. पहिलं दक्षिण कोरियात 2002 मध्ये सुरू झालं, दुसरं वेस्ट हॉलिवूडमध्ये 2005 मध्ये. पिंकबेरीत कप नोकरच भरून देत. कप गिऱ्हाइकाच्या हाती देऊन वजनावर पैसे घेणारी दुकानं त्यानंतरच्या काही वर्षांत भराभर वाढली.

चवीवर एवढा जोर देण्याचं कारण कायद्यात आहे. आइस्क्रीम म्हणवून घ्यायचं तर त्यात किमान 10 टक्के दुधाची चरबी हवी, अशी अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत व्याख्या आहे. फ्रोझन योगर्टची तशी व्याख्याच नाही. जिवंत जिवाणूंचं जे चिन्ह काही दुकानांत दिसतं, ते दुग्धपदार्थ उद्योगाच्या संघटनेचं ऐच्छिक चिन्ह आहे. ते लावायचं तर मिश्रण तयार होताना दर ग्रॅममागे किमान 1 कोटी जिवाणू असावे लागतात. साध्या योगर्टला हीच अट दहापट आहे. चिन्ह दिसलं तर चांगलंच. न दिसलं तर काउंटरवर विचार. गोठल्याने सगळे जिवाणू मरत नाहीत, बरेचसे नुसते थंडावतात. तरी त्या भरवशावर ईशानला रोजचं दही बंद करू नकोस.

आता काटा. खरी तुलना इथेच होते आणि लोक नेमके इथेच मोबाइलमध्ये बघत उभे असतात. गावाकडे रिकाम्या भांड्याचा धडा करून मगच तेल मोजून देणारा दुकानदार आपण विश्वासाचा मानायचो. इथेही तेच बघायचं. कप ठेवण्याआधी आकडा शून्यावर आहे ना, आणि रिकाम्या कपाचं वजन वजा होतं ना? अर्ध्या औंसाचा कप योगर्टच्या भावाने विकला गेला, तर दर खेपेला तीस-पस्तीस सेंट कागदाचेच जातात. आकडा गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे. कॅलिफोर्नियात काउंटीचा वजन-मापं तपासणारा विभाग दुकानांचे काटे तपासून त्यांवर वर्षाचा शिक्का चिकटवतो. तो शिक्का चालू वर्षाचा आहे का ते बघ. विचारायला संकोच करू नकोस, तुझा तो हक्क आहे.

भाव औंसावर लिहिलेला असतो आणि एक औंस म्हणजे सुमारे 28 ग्रॅम. समज, एकीकडे औंसाला 59 सेंट आणि दुसरीकडे 69. दिसायला फरक किरकोळ. 12 औंसांच्या, म्हणजे 340 ग्रॅमच्या कपाला तो 1 डॉलर 20 सेंट होतो. पण भावापेक्षा कपाचा आकार खिशाला जास्त महाग पडतो. मोठ्या कपाच्या तळाशी घातलेलं थोडंसं योगर्ट केविलवाणं दिसतं आणि हात आपोआप पुढे जातो, मुलाचा तर नक्कीच. ज्या दुकानात लहान कप मांडलेला आहे किंवा मागितल्यावर कुरकुर न करता देतात, त्याला माझ्याकडून एक गुण जास्त. कपावर लिहिलेला औंसांचा आकडा आकारमानाचा असतो, काट्यावरचा वजनाचा. त्या दोहोंची गल्लत करू नकोस.

वजनावर विक्री होण्यात गिऱ्हाइकाचा एक मोठा फायदा आहे, तोही लक्षात घे. आइस्क्रीमच्या डब्यात फेटून भरलेली हवा आपण आकारमानाच्या भावाने विकत घेतो. इथे हवेला वजन नाही, म्हणून तिचे पैसेही नाहीत.

उलट वरच्या पदार्थांत पैसा जातो. 59 सेंट औंस म्हणजे पौंडाला जवळपास साडेनऊ डॉलर. स्ट्रॉबेरी, आंब्याच्या फोडी, अननस हे पाण्याने जड असतात आणि बाजारात त्याहून खूप स्वस्त मिळतात. फळं घरी येऊन घाल. दुकानात घ्यायचेच तर बदामाचे काप घे, त्यांचा बाजारभावही बराच असतो आणि मूठभर पुरतात.

सासूबाईंसाठी मात्र या वरच्या पदार्थांकडे जास्त बारकाईने बघायला हवं. गमी बेअर आणि मार्शमेलो बहुधा जिलेटिनचे असतात, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेले. मोची तांदळाची असते. फुटणारे रंगीत मोती बहुतेक ठिकाणी समुद्री शेवाळातल्या पदार्थापासून करतात, तरी घटक वाचल्याशिवाय देऊ नकोस. आणि खुद्द योगर्टच्या काही मिश्रणांतही घट्टपणासाठी जिलेटिन असतं, हे बऱ्याच शाकाहारी घरांना ठाऊकच नसतं. प्रत्येक चवीच्या घटकांची यादी माग. जे दुकान ती फाइल लगेच पुढे करतं ते आपलं. ‘व्हेजिटेरियनच आहे, काळजी करू नका,’ असं नुसतं तोंडी सांगतात तिथे सासूबाईंना नेऊ नकोस.

ईशानच्या वर्गातल्या शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मित्राला तर यातल्या कुठल्याच दुकानात त्याच्या आईला विचारल्याशिवाय नेऊ नकोस. मुलं एका डब्यातला चमचा दुसऱ्यात घालतात, एका नळाचे थेंब शेजारच्या तबकात पडतात. आपल्या हाताने वाढून घ्यायच्या पद्धतीतच हा धोका आहे, कितीही नेटकं दुकान असलं तरी.

यंत्राबद्दल थोडं समजून घे. बहुतेक यंत्रांत वर मिश्रणाच्या दोन टाक्या, आत गोठवणारी दोन नळकांडी आणि बाहेर तीन दांडे असतात. मधला दांडा दोन्ही बाजूंचं एकत्र करून देतो. दूध टाळणाऱ्याने म्हणूनच मधल्या दांड्याला हात लावू नये, शेजारी सॉर्बे असलं तरी. नळकांड्यातलं योगर्ट सतत घुसळलं जातं, उपसा नसेल तर घुसळून घुसळून त्याचा पोत बिघडतो, ते पातळ किंवा खरखरीत होतं. म्हणून सोळा चवी आणि रिकाम्या खुर्च्या असलेल्या दुकानापेक्षा सहा-आठ चवी आणि दारात रांग असलेलं दुकान मला जास्त भरवशाचं वाटतं. नळाच्या तोंडाशी वाळलेला थर आहे का, खालच्या जाळीत जुनं साचलंय का, वरच्या पदार्थांचे चमचे बदललेले दिसतात का, हे आत शिरल्या शिरल्या दिसतं. यंत्र कधी धुता, असंही विचार. धुणाऱ्याकडे उत्तर तयार असतं.

साखरेचं एवढंच सांगते, की साध्या व्हॅनिला योगर्टच्या अर्ध्या कपात सुमारे 17 ग्रॅम साखर असते, वर काही न घालता. कमी चरबी म्हणून हवं तेवढं खाण्याचा हा पदार्थ नव्हे. ईशानला लहान कप, एक चव आणि वर एक पदार्थ, एवढं ठरवून दे. निवड त्याची त्याला करू दे, त्यातच त्याची मजा आहे.

तू लिहिलंस त्यावरून लायब्ररीजवळचं लहान दुकान मला उजवं वाटतं. चवी थोड्या, काटा गिऱ्हाइकाकडे तोंड केलेला आणि घटकांची यादी भिंतीवर. औंसाला थोडं जास्त घेत असलं तरी तिथेच जा. फक्त सासूबाईंना नेण्याआधी जिलेटिनचं एकदा विचारून ठेव, आणि काय म्हणाले ते मला कळव.

जावईबापूंना नमस्कार, ईशानला गोड पापा.

तुझी,
आत्या