वेशीवरचा पहारेकरी

चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट अजून उभा आहे. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा या त्याच्या चार वेशी. लहानपणी जटपुऱ्याच्या वेशीखालून जाताना माझ्या मनात एक विचार येई. रात्री हे दार लावणाऱ्या पहारेकऱ्याला गावातले किती ठाऊक होत असेल! शत्रूला अडवायचे, तर येणाऱ्या प्रत्येकाचे तोंड पाहिलेच पाहिजे, मित्राचेही. म्हणजे जो आपले रक्षण करतो त्याच्यापासून आपले काही लपत नाही. त्या वेळी ही गोष्ट केवळ गमतीची वाटे. पुढे एकदा तो पहारेकरी होण्याची पाळी माझ्यावरच आली.

मी एका लहानशा संस्थेतल्या संगणकांची देखभाल करतो. तिची कार्यालये मूल, सिंदेवाही, आरमोरी, धानोरा अशी विखुरलेली आहेत. मागे एका सहकाऱ्याने खोट्या पत्रातल्या दुव्यावर बोट ठेवले, बँकेसारखे दिसणारे पान उघडले आणि आपला पासवर्ड तिथे लिहून दिला. पैसे थोडक्यात वाचले. तेव्हा ठरले की, प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये सुरक्षेचे एक एक्स्टेन्शन बसवायचे. फसवे पान उघडू लागले की ते आडवे येते.

मोठ्या कचेऱ्यांत हे काम एका खुर्चीवरून होते. मुख्य संगणकावरून हुकूम सुटतो आणि हजार ब्राउझरांत पहारेकरी जाऊन बसतो. वापरणाऱ्याला कोणी विचारीत नाही आणि त्याला तो काढताही येत नाही. आमचे संगणक असे एका सूत्रात बांधलेले नव्हते. म्हणून मी एस.टी.ने गावोगाव हिंडून, हातानेच ते बसवू लागलो. काम पाच मिनिटांचे. दुकानातून एक्स्टेन्शन निवडायचे, मग ब्राउझर एक सूचना दाखवतो, की हे तुमची सर्व संकेतस्थळांवरची सर्व माहिती वाचू शकेल आणि बदलूही शकेल, चालेल ना? 'चालेल' म्हणून बटण दाबायचे. बावीस संगणकांवर ते बटण मीच दाबले. संगणकाचा धनी तेवढ्यात माझ्यासाठी चहा सांगायला गेलेला असे.

तेविसावा संगणक धानोऱ्याचा. तिथल्या हिशेबनीस बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी चष्मा सावरून ती सूचना अक्षर न् अक्षर वाचली आणि विचारले, "म्हणजे ह्याले माह्या घरचं बी दिसते का जी?"

मधल्या सुट्टीत त्या याच संगणकावरून नागपूरला शिकणाऱ्या लेकीला पत्र लिहीत, नवऱ्याच्या आजाराचे कागद पाहत. मला परतीची गाडी गाठायची होती. मी म्हणालो, "नाही ताई, तसं काही नाही." त्यांनी मान डोलावली आणि मी बटण दाबले.

गडचिरोली सोडून गाडी वैनगंगेच्या पुलावर आली, तेव्हा ते 'नाही' मला बोचू लागले. ते खोटे होते असेही मला म्हणता येईना. कारण खरे काय ते मलाच ठाऊक नव्हते. आणि तरीही मी उत्तर दिले होते.

मनाने लगेच वकिली सुरू केली. हे सारे त्यांच्याच भल्यासाठी ना? जॉन स्टुअर्ट मिलने 1859 च्या आपल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात या युक्तिवादाची वाट अडवून ठेवली आहे. एखाद्याचे स्वतःचे भले हे त्याच्यावर सक्ती करण्यास पुरेसे कारण नव्हे, असे त्याचे म्हणणे. उदाहरण त्याने पुलाचेच दिले आहे. पूल धोक्याचा आहे, माणूस त्यावर पाऊल टाकतो आहे आणि सावध करायला वेळ नाही. अशा वेळी त्याला धरून मागे ओढण्यात त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाही. पण वेळ असेल तर? तर सावध करावे. मला वेळ होता. घाई होती ती गाडीची.

वकील दमला नाही. तो म्हणाला, प्रश्न एकट्या बाईंचा नाही. आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुले गळतात. ती नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा कोणी पेटवतो, आणि एका झाडाखालची ती आग कधी कधी सारे रान घेऊन जाते. म्हणून वनखाते आधीच जाळरेषा आखते. एकाच्या चुकीने सगळ्यांची तिजोरी उघडत असेल, तर सगळ्यांच्या दारी पहारा हवा. हा मुद्दा मला आजही खरा वाटतो. परंतु त्यातून पहारा बसवण्याचा अधिकार निघतो. न सांगता बसवण्याचा नाही. जाळरेषा आखताना झाडांना विचारीत नाहीत हे खरे. पण बाई काही झाड नव्हेत.

कायदाही माझ्या बाजूला उभा राहिला असता. 2023 साली झालेल्या वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाच्या कायद्यात, मालकाला हानीपासून वाचवण्यासारख्या कामापुरती नोकरांची माहिती त्यांच्या संमतीवाचून हाताळण्याची सवलत आहे. पण कायद्याने माफ केलेले सारेच शोभते असे थोडेच आहे?

शिवाय पहारेकरी तरी कुठे अजिंक्य असतो? 2024 च्या नाताळात सायबरहेवन या सुरक्षा-कंपनीच्याच एका माणसाला फसव्या पत्राने गाठले. चोरांनी कंपनीच्या एक्स्टेन्शनची विषारी आवृत्ती बाजारात सोडली. एक्स्टेन्शने आपली आपणच अद्ययावत होतात. त्यामुळे लोकांनी काही न करता ती त्यांच्या ब्राउझरांत शिरली. वापरणारे सुमारे चार लाख. ज्याला सगळे दिसते, तो फितला वा फसला की सगळेच जाते.

धानोऱ्याजवळच मेंढा (लेखा) हे गाव आहे. वनहक्क कायद्याखाली 2009 साली त्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचीही हरकत असेल तर थांबायचे, पुन्हा बोलायचे. वेळ लागतो, लागू देतात. त्या गावावरून मी गाडी चुकू नये म्हणून खोटी ग्वाही देऊन आलो होतो!

पुढच्या आठवड्यात मी बनवणाऱ्यांकडून माहिती मागवली, ती समजून घेतली आणि धानोऱ्याला परत गेलो. बाईंना म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी न कळता बोललो. हे उघडलेल्या प्रत्येक पानाचा पत्ता तपासणीला पाठवते. पत्रातला मजकूर पाठवत नाही; पण वाचण्याची मुभा त्याला आपण दिलेली आहे. नको असेल तर काढतो. मग बँकेचे काम दुसऱ्या संगणकावर करू."

त्या बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "राहू द्या जी. घरचं मी मोबाइलवर पाहीन." आणि थोड्या वेळाने, "त्याच दिवशी सांगतले असते, तं बरं झालं असतं."

मला उत्तर सुचले नाही. या आठ दिवसांत त्यांनी लेकीला काय लिहिले असेल, हे विचारण्याचा मला अधिकार नव्हता. त्यांचा होकार तरी पुरता मोकळा होता का, हेही मी सांगू शकत नाही. संस्थेच्या माणसाला 'नको' म्हणणे संस्थेतल्या माणसाला सोपे नसते. पण निदान कशाला होकार देतो आहोत, हे त्यांना या वेळी ठाऊक होते.

उरलेल्या बावीस जणांकडे मी पुन्हा गेलो. फेरी लांबली, वरिष्ठ कुरकुरले. एकाने एक्स्टेन्शन काढायला सांगितले. मी काढले आणि बँकेचे काम त्याच्याकडून दुसरीकडे नेले. आता नवा संगणक आला की माझा एक नेम आहे. चहा आधी पिऊन घ्यायचा, धन्याला शेजारी बसवायचे, ती सूचना मोठ्याने वाचायची आणि माऊस त्याच्या हाती द्यायचा.