एक रुपया दंडाच्या पुढे

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. पुढे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने दंडाचं तोंड फिरवलं. प्रवेश देताना मुलाला किंवा त्याच्या आईबापांना चाळणी लावणाऱ्या शाळेला पहिल्या खेपेस २५ हजारांपर्यंत दंड. ब्याण्णव वर्षांत पालक आरोपीचा फिर्यादी झाला. मूल शाळेत घालण्यापुरता प्रश्न आता बऱ्याच अंशी सुटला आहे. घातल्यावर आईबापांनी काय करायचं, याचं उत्तर मात्र कुठल्याच कायद्यात नाही, आणि ते आपापल्या मगदुरानुसार शोधताना आपण चांगलेच भरकटलो आहोत.

शहरातला शिकलेला पालक मुलाच्या मागे बसत नाही, मुलाच्या जागी बसतो. चौथीतल्या मुलीचा ‘पाण्याचं चक्र’ हा प्रकल्प रात्री अकरा वाजता बाबा करतात. ढगांचा कापूस आई चिकटवते. मुलगी झोपलेली असते. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात असे प्रकल्प तयारही मिळतात, म्हणजे आता बाबांचीही गरज उरलेली नाही. शिक्षकांना हे कळत नाही असं थोडंच आहे? तरीही शेरा ‘उत्तम’ पडतो. चुकीचं गणित वहीत तसंच राहू देण्याची हिंमत फार कमी घरांत असते. खरं तर दुसऱ्या दिवशी वर्गात काय समजवायचं, हे शिक्षकाला त्याच चुकीतून कळणार असतं.

दुसरीकडे, ‘आम्हाला काय येतंय’ म्हणून मागे सरणारे पालक आहेत. त्यांचा संकोच मला अधिक छळतो, कारण तो निराधार आहे. भाजीच्या गाडीवर बसणाऱ्या आईला पावकिलोचा भाव आणि उरलेली मोड तोंडी काढता येते. पोराच्या पुस्तकातला अपूर्णांक तोच असतो. अक्षरओळख नसली तरी ‘मोठ्याने वाच, मी ऐकते’ एवढं म्हणता येतं. मूल अडखळलं की ऐकणाऱ्याला कळतंच. ‘आज काय शिकवलं ते मला सांग’ या प्रश्नाला शिकवणीची फी लागत नाही, आणि सांगता सांगता मुलाचं त्यालाच उमगतं, कळलं किती आणि नुसतं पाठ झालं किती.

पण ही आई कधी निरुपयोगी होते? घरात कुणालाच येत नसलेल्या भाषेत शाळा सुरू झाली की. इंग्रजी माध्यमाचा हट्ट मी समजू शकतो. इंग्रजीवाचून पुढच्या वाटा अडतात हे पालकांनी अनुभवलेलं आहे. तरी पहिलीपासून सगळंच इंग्रजीत म्हणजे फी भरून स्वतःला दाराबाहेर बसवणं. डायरीतला निरोप वाचायलासुद्धा मग शिकवणीवाल्या बाई लागतात. गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत, ही सेमी-इंग्रजीची तोड निर्दोष नसली, तरी निदान घर आणि शाळा यांच्यातलं बोलणं ती तोडत नाही.

बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांपुढे प्रश्न याहून मूळचा असतो. दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो, तो उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. पोराला फडावर न्यावं, तर अर्धं वर्ष शाळा बुडाली. गावी ठेवावं, तर कुणापाशी? हंगामी वसतिगृहं निघाली ती यासाठीच. तिथल्या सोयीबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण आजीपाशी किंवा वसतिगृहात पोर ठेवून निघणारी आई अभ्यासाचा एक शब्दही न शिकवता त्याच्यासाठी जे करते, त्याची नोंद कुठल्या प्रगतिपुस्तकात होत नाही.

त्याच २००९च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, निम्म्या सदस्य बायका असाव्यात असंही सांगितलं. कागदावर हा मोठा अधिकार आहे. पण बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली, तर रोजावर जाणाऱ्या बाईने दिवसाची मजुरी बुडवून यायचं. ती येत नाही, मग सहीसाठी रजिस्टर तिच्या घरी जातं. ‘पालकांना आस्था नाही’ असं म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांनी एखादी बैठक संध्याकाळी सातला लावून पाहावी, आणि बोलायची पहिली पाळी सरपंचांना न देता तिला द्यावी.