औषधाचे नवेपण आणि कार्यकारणाचा जुना वाद

पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला राज्यसंस्थेने ठरावीक मुदतीसाठी दिलेला मज्जावाचा अधिकार. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे ती वस्तू इतर कोणी परवानगीशिवाय बनवू वा विकू नये, एवढाच त्याचा आशय असतो आणि त्या बदल्यात शोधकाला आपली कृती अर्जासोबतच्या तपशीलवार वर्णनात जगासमोर उघड करावी लागते. औषधांच्या बाबतीत या व्यवहाराचे समर्थन सहसा अर्थशास्त्रातून केले जाते: एका रेणूमागे अनेक वर्षांचे प्रयोग आणि चाचण्यांचा प्रचंड खर्च असतो, तो एकदा सिद्ध झाल्यावर त्याची नक्कल मात्र स्वस्तात होते, म्हणून संरक्षण हवे. हे समर्थन खोटे नाही. परंतु जे पूर्वी नव्हते ते आता उत्पन्न झाले, असे एक गृहीतक त्याच्या मुळाशी आहे, आणि भारतीय दर्शनांनी नेमके तेच फार पूर्वी वादाला घेतले होते.

सांख्यांचा सत्कार्यवाद असे मानतो की कार्य उत्पत्तीपूर्वीही आपल्या कारणात अव्यक्त रूपाने असतेच. घट मातीत आधीपासून आहे, कुंभार तो केवळ व्यक्त करतो, कारण तसे नसते तर कोणत्याही पदार्थातून कोणताही पदार्थ निघू शकला असता. न्याय-वैशेषिकांचा असत्कार्यवाद याच्या उलट, घट आधीच असता तर कुंभाराने श्रम कशासाठी करायचे आणि मातीच्या गोळ्यात पाणी का भरता येत नाही, असे विचारतो. सांख्य अभिव्यक्तीचा आधार घेतात, तेव्हा ही अभिव्यक्ती तरी आधी होती की नव्याने झाली, असा नैयायिकांचा प्रतिप्रश्न असतो, आणि त्यावरचे सांख्यांचे उत्तर फारसे समाधानकारक नाही, हे मान्य करावे लागते. पेटंटचा कायदा अर्थातच नैयायिकांच्या पक्षाचा आहे, कारण नवे काही उत्पन्नच होत नसेल तर शोधक कोणाला म्हणायचे आणि हक्क कशावर द्यायचा?

हा वाद आधुनिक न्यायालयात किती जिवंत होऊ शकतो, हे नोव्हार्टिस या स्विस कंपनीच्या ग्लिवेक या औषधाच्या खटल्यातून दिसते. रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारावर गुणकारी ठरलेल्या इमॅटिनिब या रेणूला, झिमरमन या शास्त्रज्ञाच्या शोधावर, १९९६ साली अमेरिकेत पेटंट मिळाले; भारतात ते मिळणे शक्यच नव्हते, कारण १९७० च्या पेटंट कायद्यानुसार औषधी पदार्थाला नव्हे, तर तो बनवण्याच्या प्रक्रियेलाच तेव्हा संरक्षण होते. जागतिक व्यापार कराराच्या बंधनामुळे ही स्थिती बदलणार हे स्पष्ट झाल्यावर कंपनीने १९९८ साली चेन्नईच्या कार्यालयात अर्ज केला, तो मूळ रेणूसाठी नव्हे, तर त्याच्या मेसिलेट या क्षाराच्या बीटा नामक स्फटिकरूपासाठी. दरम्यान २००५ च्या दुरुस्तीने औषधी पदार्थांना पेटंट देऊ केले, पण त्याचबरोबर कलम ३(ड) मध्ये अशी अट घातली की ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने त्याची ज्ञात परिणामकारकता वाढत नसेल, तर ते रूप शोध मानले जाणार नाही. जुन्या औषधात किरकोळ फेरफार करून मक्तेदारी लांबवत नेण्याची जी रीत या उद्योगात एव्हरग्रीनिंग म्हणून ओळखली जाते, तिला आळा घालण्यासाठी ही अट होती. २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीविरुद्ध अंतिम निर्णय दिला.

निकालातील सर्वांत मार्मिक भाग तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांकडून दुर्लक्षितच राहिला आहे, असे म्हणावे लागेल. कंपनीने अन्यत्र आपले औषध झिमरमन पेटंटच्या कक्षेत येते असे सांगून त्याचा लाभ घेतला होता. भारतात मात्र तिचे म्हणणे असे की मेसिलेट क्षार त्या पेटंटच्या कक्षेत असला तरी त्यात तो उघड केलेला नव्हता. म्हणजे हक्क सांगताना कार्य कारणात होतेच आणि नवेपणा सांगताना ते तिथे नव्हते. सत्कार्यवाद आणि असत्कार्यवाद हे दोन्ही पक्ष एकाच वादीने सोयीनुसार घेतल्याचे इतके स्वच्छ उदाहरण प्राचीन वादग्रंथांतही क्वचितच सापडेल. न्यायालयाने कक्षा आणि प्रकटीकरण यांत एवढी मोठी फट मानण्यास नकार दिला.

उरला प्रश्न बीटा रूपाचा, आणि तेथे न्यायालयाने घेतलेली भूमिका या दोन्ही दर्शनांपेक्षा धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाच्या जवळची आहे. त्याच्या मते वस्तूचे वस्तुत्व तिच्या अर्थक्रियेत, म्हणजे काही एक परिणाम घडवण्याच्या सामर्थ्यात असते. यावर आक्षेप असा घेता येईल की बीटा रूपालाही अर्थक्रिया होतीच: ते अधिक स्थिर होते, हवेतील ओलावा कमी शोषत होते, त्याची भुकटी सहज प्रवाही होती, आणि मूळ रेणूच्या तुलनेत ते शरीरात ३० टक्के अधिक उपलब्ध होते, असा दावा होता. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु स्थिरता आणि प्रवाहीपणा यांचा लाभ गोळी बनवणाऱ्याला होतो, आणि औषधाची परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची क्षमता, असा अर्थ न्यायालयाने लावला. शरीरातील उपलब्धता वाढल्याने उपचाराचा परिणामही वाढतो, हे स्वतंत्र पुराव्याने दाखवावे लागते आणि ते दाखवले गेले नव्हते. अर्थक्रिया कोणासाठी, हे ठरवल्याशिवाय तिचे मोजमाप होत नाही, आणि ते ठरवणे सत्ताशास्त्राच्या नव्हे तर नीतिशास्त्राच्या कक्षेतले आहे. न्यायालयाने रुग्णाचा पक्ष घेतला, तो योग्यच होता.

नवेपण निर्विवाद असले तरी अर्थक्रिया कोणासाठी, हा प्रश्न मिटत नाही. मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील नेक्साव्हार या बायर कंपनीच्या औषधाचे पेटंट भारतात वैध होते. तरीही महिन्याला सुमारे २,८०,००० रुपये किंमत सामान्यांना परवडणारी नाही, या आणि अन्य कारणांनी पेटंट नियंत्रकांनी मार्च २०१२ मध्ये नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना पण त्याला स्वामित्वधन देऊन उत्पादन करण्याची मुभा दिली आणि किंमत ८,८८० रुपयांवर आणली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली तो परवाना कायम ठेवला.