मंगळवारचा दर्या

माझा पुतण्या दोन वर्षं घाना देशात होता, ताकोराडी बंदरात क्रेनच्या दुरुस्तीवर. आफ्रिकेच्या पश्चिम अंगाला आहे हा देश. सुट्टीवर आला की ओसरीवर बसून तिकडच्या कोळ्यांच्या गोष्टी सांगायचा. मी शेतकरी माणूस, उभ्या जन्मात दर्या दोनदा पाहिलेला. पण त्याची एक गोष्ट मनात रुतून बसली.

तो म्हणाला, “काका, तिथं मंगळवारी कुणी दर्यात होडी घालत नाय.”

एल्मिनाच्या बाजूला फांटी लोकांची गावं आहेत. होडी म्हणजे वावा नावाच्या झाडाचं कोरलेलं अख्खं खोड. वर रंगीत नक्षी, देवाचं नाव, मागं इंजिन. होडी किनाऱ्याला लागली की दोर ओढायला पोरंसोरं धावतात, अन् ओढणाऱ्याच्या पदरात थोडी मासळी पडतेच. पुढचं काम बायांचं. मासळी विकत घ्यायची, भट्टीच्या धुरावर सुकवायची, बाजाराला न्यायची. कितीतरी होड्यांच्या तेलाला पैसाही ह्या बायाच पुरवतात.

मंगळवार मात्र दर्याच्या देवाचा, बोसोम्पोचा. त्या दिवशी जाळी दुरुस्त करायची, तंटे असतील तर कोळ्यांच्या पाटलापुढं मिटवायचे. वार मोडला तर दंड. आम्हीही अमावास्येला औत धरत नव्हतो, म्हणून मला हे लगेच पटलं.

पण मोठी ट्रॉलर जहाजं कुठला मंगळवार पाळतात? किनाऱ्याजवळचं पाणी कायद्यानं होडीवाल्यांसाठी राखलेलं. तिथंही ती चोरून घुसतात, अन् तारलीच्या जातीची मासळी, जी होडीवाल्यांची भाकर, तीही उपसतात. ती गोठवून, लाद्या करून समुद्रातच विकायचा धंदा निघाला. त्याला तिकडं ‘साइको’ म्हणतात. मग काही होडीवालेही काळोख्या रात्री दिवे लावून लहानमोठं सगळंच ओढू लागले. मासळी घटली. शेवटी २०१९ साली सरकारनं होडीवाल्यांनाही पहिल्यांदा महिनाभर बंदी घातली, १५ मे ते १५ जून.

पुतण्यानं जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्याला मित्राकरवी विचारलं, “ते लोक एक दिवस सोडत नाहीत, मग तुम्ही का सोडता?”

म्हाताऱ्यानं मान वर केली अन् एवढंच म्हणाला, “आज मंगळवार आहे.”

“त्याला माझा सवालच कळला नाय, काका,” पुतण्या हसत म्हणाला. मलाही हसू आलं. रात्री मात्र झोप लागेना.

कारण तोच सवाल मी एकदा स्वतःला विचारला होता. बांधाशेजारच्यानं तीनशे फूट बोअर मारली. मी म्हटलं, तो थांबत नाही तर मी का थांबू? मी साडेचारशे मारली. माझा ऊस तरला. पण पलीकडच्या विधवा वहिनींची विहीर, जिला चैत्रापर्यंत पाणी असायचं, ती पौषातच कोरडी पडली. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. रोज माझ्या दारावरून हंडा घेऊन जायच्या, तेवढंच.

एका गावानं मंगळवार पाळून दर्या भरत नाही, हे मला कळतं. ट्रॉलरला सरकारनंच आवर घालायला पाहिजे. होडीवाल्यांच्या पोटाला चिमटा घेऊन ते भागणार नाही. मग म्हाताऱ्याच्या मंगळवाराला मोल काय?

मला एक उत्तर सापडलं, ते माझ्याच गावात. पुढं ग्रामसभेत बोअरच्या खोलीला मर्यादा घालायचा विषय निघाला. वहिनी मागं बसल्या होत्या. बोलावं असं फार वाटलं, पण कुठल्या तोंडानं बोलणार? शेजारी अन् मी, दोघंही खाली मान घालून बसलो. विषय तसाच राहिला.

तो म्हातारा ट्रॉलरवाल्याच्या तोंडावर बोलू शकतो. त्यानं मंगळवार पाळलाय.