कोणतं विमान? आधी सांगा, केव्हाचं

१९४४ सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात काढलेलं एक छायाचित्र आहे. चार अमेरिकन मस्टँग लढाऊ विमानं एकमेकांना बिलगून उडताहेत. नाकं पिवळी, धडावर टपोरी अक्षरं, शेपटीवर आकडे. दुसऱ्या महायुद्धावरच्या किती पुस्तकांत हे चित्र छापलं गेलं असेल याला गणती नाही. ‘ही मस्टँग विमानं’ एवढं म्हणून बहुतेक जण पान उलटतात. पण मस्टँग पंधरा हजारांहून जास्त बनली. त्यातली ही चार कोणती?

उत्तर विमानाच्या अंगावरच लिहिलेलं आहे असं वाटतं, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. अडचण अशी की अंगावरच्या प्रत्येक खुणेचं आयुष्य वेगळं असतं. सर्वांत पुढच्या विमानाच्या धडावर ‘ई२-सी’ अशी अक्षरं आहेत. ‘ई२’ ही ३६१व्या फायटर ग्रुपमधल्या ३७५व्या स्क्वाड्रनची खूण. ‘सी’ हे त्या स्क्वाड्रनमधलं या एका विमानाचं अक्षर. शेपटीवर ४१३४१० हा आकडा. अमेरिकन पद्धतीत क्रमांकाआधी मागणीचं वर्ष येई आणि शेपटीवर रंगवताना वर्षातला पहिला अंक गाळत. म्हणून हे विमान ४४-१३४१०. त्याच रांगेत २१०६८११ हा आकडा असलेलं विमान आहे. ते १९४२ सालच्या मागणीतलं. कॉकपिटवरची काच पाहिली की ताळा जमतो: बाकीच्या तिघांवर बुडबुड्यासारखी अखंड काच, याच्यावर चौकटींची जुनी काच, म्हणजे आधीचा ‘बी’ प्रकार. आणि पहिल्या विमानाच्या नाकावर नाव रंगवलंय, ‘लू-४’.

आपल्याकडच्या ट्रकवर फाळक्यावरचं नाव, नंबरप्लेट आणि चेसिसवर ठोकलेला आकडा या तीन गोष्टी जशा वेगवेगळ्या टिकतात, तसंच हे. कारखान्यातून आलेला क्रमांक विमानाला जन्मभर चिकटतो. स्क्वाड्रनची अक्षरं बदलीबरोबर पुसली जातात. ‘सी’ हे अक्षर तर विमान पडलं की पुढच्याला मिळतं. नाव वैमानिकाबरोबर फिरतं. ‘लू-४’ मधला चारचा आकडाच सांगतो की याआधीही ‘लू’ होऊन गेल्या. म्हणून ‘ई२-सी’ एवढंच वाचून विमान ओळखलं असं म्हणता येत नाही. कोणत्या दिवशीचं ‘ई२-सी’, हे आधी ठरवावं लागतं. माझ्या मते या अभ्यासाचा गाभा इथे आहे: ‘कोणतं’ हा प्रश्न दिसतो वस्तूचा, सुटतो मात्र तारखेने.

तारीख कशी काढायची ते याच चित्रात बघा. ६ जून १९४४ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या. आपल्याच तोफांनी आपलीच विमानं पाडू नयेत म्हणून त्याआधीच्या काही दिवसांत मित्रराष्ट्रांच्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे रंगवण्यात आले. सुरुवातीला ते धडाला आणि पंखांना सर्व बाजूंनी वेढत. जुलैपासून वरच्या बाजूचे पट्टे काढायला सुरुवात झाली, कारण जमिनीवर उभं असलेलं विमान वरून लगेच नजरेत येई. ‘लू-४’च्या धडावर पट्टे आहेत ते खालच्याच अंगाला. म्हणजे चित्र जूनच्या पहिल्या आठवड्यातलं नव्हे. दुसरं टोक जास्त कठोर आहे. हे विमान चालवणारे कर्नल थॉमस ख्रिश्चन, ग्रुपचे प्रमुख, १२ ऑगस्ट १९४४ रोजी फ्रान्समध्ये याच विमानात मारले गेले. त्या दिवसानंतर ‘लू-४’चं चित्र निघणं शक्य नाही. एका बाजूने रंग आणि दुसऱ्या बाजूने मृत्यू, या दोहोंनी चित्राला काही आठवड्यांच्या फटीत आणून बसवलं.

जर्मन विमानांत हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. उत्तर आफ्रिकेत लढलेल्या हान्स-योआखिम मार्सेय याचं ‘पिवळं १४’ प्रसिद्ध आहे. त्याच्या तुकडीचा रंग पिवळा, त्याचा आकडा चौदा. पण ‘पिवळं १४’ हे एक विमान नव्हेच. त्याने एकामागून एक अनेक मेसरश्मिट १०९ याच आकड्याखाली उडवली. त्यांना वेगळं कशाने करायचं? शेपटीच्या सुकाणूवर त्याने पाडलेल्या प्रत्येक विमानामागे एक रेघ रंगवली जाई. रेघा मोजल्या की चित्र कोणत्या दोन हवाई लढायांच्या मधलं आहे ते कळतं, कारण त्याच्या १५८ विजयांच्या तारखा कागदोपत्री आहेत. तारीख हाती आली की त्या वेळचं ‘पिवळं १४’ कोणतं ते शोधता येतं. ज्या ‘एफ’ प्रकारच्या विमानांनी त्याला नाव दिलं, त्यातल्या एकातही तो मेला नाही. ३० सप्टेंबर १९४२ रोजी इजिप्तमध्ये त्याचा मृत्यू झाला तो नव्याने मिळालेल्या ‘जी’ प्रकाराच्या विमानात.

रंगाबद्दल मात्र फार जपून बोलावं. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मही वापरात होती आणि तिला लाल प्रकाश दिसत नसे. तिच्यावर लाल रंग काळा उमटतो, पिवळा गडद होतो, निळा फिकट पडतो. ब्रिटिश विमानाच्या वर्तुळाभोवतीचं पिवळं कडं अशा चित्रात जवळजवळ काळं दिसतं, आणि कडं नाहीच असं समजून माणूस चित्राला चुकीचं वर्ष देऊन बसतो. जर्मन आकडा पिवळा, लाल की काळा यावर तुकडी ठरते, तिथे तर सगळी इमारतच ढासळते. रंगीत फिल्म आली म्हणून सुटका होते असंही नाही. ‘लू-४’ची पाठ निळी होती की हिरवी यावर वर्षानुवर्षं वाद चालला, अनेकदा पुनर्मुद्रित झालेल्या चित्रात तिच्यावर निळसर छटा दिसते. मी हिरव्याच्या बाजूचा आहे, पण ओळख पटवताना रंगाला शेवटचा साक्षीदार मानतो. रंगापेक्षा रंगाची कड भरवशाची: जुनं अक्षर झाकताना राहिलेला वेगळा चौकोन, ठिगळ मारलेला पत्रा, एका विशिष्ट जागी उडालेला पोपडा. दोन चित्रांत तोच पोपडा त्याच आकाराचा दिसला तर मला दुसऱ्या पुराव्याची घाई नसते.

ब्रिटिश विमानांनी अभ्यासकांना सर्वांत जास्त छळलंय. १९४०च्या अखेरीस आदेश निघाला की लढाऊ विमानांच्या शेपटीपुढे धडाभोवती फिकट हिरवट-निळा पट्टा रंगवावा. कारखान्याचा क्रमांक नेमका तिथेच असे. कितीतरी स्पिटफायर विमानांची जन्मखूण त्या पट्ट्याखाली गेली आणि उरली फक्त स्क्वाड्रनची अक्षरं. तीही नेहमी एकाच स्क्वाड्रनची असतील असं नाही: १९४०मध्ये ९२ आणि ६१६ या दोन्ही स्क्वाड्रन ‘क्यूजे’ वापरत होत्या.

अशा वेळी कागद उपयोगी पडतो. स्क्वाड्रनच्या दैनंदिन नोंदवहीत, फॉर्म ५४१मध्ये, तारीख, वैमानिक, उड्डाणाची वेळ आणि विमानाचा क्रमांक लिहीत. धडावरचं अक्षर सहसा नाही. वैमानिक स्वतःच्या लॉगबुकात पुष्कळदा नुसतं अक्षर लिही. दोन्ही वह्यांत एकाच दिवसाचं एकच उड्डाण सापडलं की अक्षर आणि क्रमांक यांची गाठ पडते, आणि फक्त अक्षर दाखवणारं छायाचित्र बोलू लागतं. या गाठीलाही मुदत असते. पुढच्या महिन्यात तेच अक्षर दुसऱ्या विमानावर असू शकतं.

हे काम मराठी वाचकाने हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण यातली काही विमानं आपल्या मुलखाची नावं घेऊन उडाली. ‘एफएफ’ अक्षरांची १३२वी स्क्वाड्रन ‘सिटी ऑफ बॉम्बे’, ‘ओएन’ अक्षरांची १२४वी ‘बडोदा’, ‘यूएम’ अक्षरांची १५२वी ‘हैदराबाद’. मराठवाडा तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होता आणि १५२च्या बोधचिन्हावर निजामाचं शिरोभूषण होतं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या स्क्वाड्रनच्या स्पिटफायर विमानांच्या धडावर झेप घेणारा काळा बिबट्या रंगवला जाई, वर्तुळाला छेदून. त्या वर्तुळातला लाल ठिपकाही तिथे काढून टाकला होता, जपानी सूर्याशी गफलत होऊ नये म्हणून. बिबट्या दिसला की स्क्वाड्रन कळली, लाल ठिपका नाही म्हणून आघाडी कळली. १९४५च्या सुरुवातीपासून तिथल्या लढाऊ विमानांच्या पंखांवर आणि शेपटीवर ओळखीसाठी पांढरे पट्टे आले. ते आहेत की नाहीत यावरून चित्र अलीकडचं की पलीकडचं ते कळतं. मग बिबट्याजवळचं एकटं अक्षर वाचायचं, त्या आठवड्यांतलं कुणाचं लॉगबुक मिळतं का ते पाहायचं, आणि फॉर्म ५४१ची पानं उघडायची. घरात असा एखादा फोटो असेल तर त्याच्या कडा कापू नका. मागची टेकडी, धावपट्टीवरचा चिखल, शेजारच्या विमानाचं अर्धं शेपूट, यांतलं काहीही तारीख देऊ शकतं.