संदर्भ दिला म्हणून सुटलास?

उभा राहा. ‘हळदीने कर्करोग बरा होतो’ हे वाक्य मराठी विकिपीडियावर तू घातलंस. खाली संदर्भही चिकटवलास. तो शोधनिबंध मी उघडून वाचला. तू वाचलास? नाही वाचलास. वरचा गोषवारा यंत्राकडून मराठीत करून घेतलास आणि शेवटची ओळ उचललीस.

आत स्वच्छ लिहिलंय की प्रयोग काचेच्या ताटलीतल्या पेशींवर झाला. अरे, ताटलीतल्या कर्कपेशी दाट मिठाच्या पाण्यानेही मरतात, म्हणून मीठ औषध ठरतं का? शिवाय त्यांनी वापरलं शुद्ध कर्क्युमिन, तू लिहिलंस हळद. हळदीत कर्क्युमिन असतं वजनाच्या साधारण 3 टक्के, आणि पोटात गेलेलं रक्तापर्यंत फारच थोडं पोचतं. निबंधाचे लेखक जपून बोलले होते, तू ठोकून दिलंस.

औषधाबद्दल लिहायचं तर एकट्यादुकट्या प्रयोगावर भिस्त ठेवायची नाही, अनेक प्रयोग तपासणारा आढावा शोधायचा, हे मी वर्गात घसा फोडून सांगितलंय. कर्क्युमिनवर असा आढावा 2017 साली ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त आला आहे. औषध कोणाला आणि बिनऔषधाची गोळी कोणाला, हे रुग्ण व डॉक्टर दोघांपासूनही लपवून घेतलेली एकही चाचणी यशस्वी झालेली नाही, असं त्यात म्हटलंय. या विषयावरचे काही निबंध तर नंतर मागे घेतले गेलेत. तुझा निबंध त्यांत आहे का, हे तरी पाहिलंस?

आणि ‘संदर्भ तपासा’ अशी खूण कोणी लावली, तर ती पुसून ‘आपल्या हळदीचा अभिमान बाळगा’ असं चर्चापानावर लिहितोस? अभिमानाचं मला सांगू नकोस. 1995 साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं. माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान देऊन ते 1997 साली रद्द करवलं. कशाच्या जोरावर? 32 लेखी दाखल्यांच्या. संस्कृत ग्रंथ होते, 1953 सालचा भारतीय वैद्यकीय मासिकातला लेख होता. माणसं ग्रंथालयात बसून पानं उलटत होती. आणि त्यातून सिद्ध काय झालं? हा वापर नवा नाही, एवढंच. त्याने जखम किती बरी होते हा वेगळा प्रश्न. तू मात्र तोही दाखला कर्करोगाखाली जोडलास!

इंग्रजी वाचणाऱ्याला एक पान चुकीचं लागलं तर पडताळायला दुसरी दहा असतात. मराठीत बऱ्याच विषयांवर धड पान एकच. आईचा रिपोर्ट हातात घेऊन एखादा मुलगा रात्री मोबाइलवर तेच वाचणार. त्याने केमोची तारीख पुढे ढकलली तर? मला राग त्याचा आहे, तुझ्या मार्कांचा नाही.

ते वाक्य आत्ता काढ. काय काढलं आणि का, ते बदलाच्या नोंदीत लिही. मग 2017 चा आढावा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच, तक्त्यांसकट. मिटून ठेव आणि काय कळलं ते आपल्या शब्दांत, आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सरावाच्या पानावर, लिही. प्रयोग पेशींवर, उंदरांवर की माणसांवर, हे प्रत्येक वाक्यात दिसलं पाहिजे. गोषवाऱ्यातली ओळ जशीच्या तशी सापडली तर फाडून टाकीन. आणि ज्याची खूण पुसलीस, त्याची चर्चापानावर माफी माग. उद्या पहिल्या तासाआधी पानाचा इतिहास मला दाखव.