दुसऱ्याच्या लेकरांचे धैर्य

मे महिन्यात शाळा-महाविद्यालयांना सुट्ट्या लागल्या की तरुणांची शिबिरे भरू लागतात. कोणी श्रमदानासाठी, कोणी गिरिभ्रमणासाठी, कोणी नुसतेच 'निसर्गसान्निध्यासाठी' मुलांना घराबाहेर काढतो. खानदेशात अशा शिबिरास जागा शोधावयाची म्हटली तर साक्री तालुक्याकडे दृष्टी जाणे स्वाभाविक आहे. कान नदीच्या काठचे साक्री, पांझरेच्या काठचे पिंपळनेर, पश्चिमेस कोंडाईबारीचा घाट, आणि डोंगराच्या अंगावर कोरलेल्या लेण्यांमुळे जिज्ञासूंस आकर्षून घेणारा भामेरचा किल्ला. इतकी विविधता एका तालुक्यात क्वचितच आढळेल. फक्त मे महिना हा या भागाचा सौम्य महिना नव्हे. दुपारी पारा चाळिसाच्या पुष्कळ वर असतो, चार वाजता वारा एकाएकी पडतो, सहाच्या सुमारास आग्नेयेकडे निळसर काळा ढग उठतो, आणि घटकाभरात धुळीचा लोट, विजा, कधी गारा, आणि तंबूंची दाणादाण! वळीव म्हणतात तो हा.

अशा वेळी शिबिरप्रमुखाने काय करावे, हा प्रश्न वरवर व्यवस्थेचा वाटतो. आमच्या मते तो नीतीचा आहे. सामान्यतः त्याचे उत्तर मोठ्या उत्साहाने दिले जाते: 'भिजू द्या की पोरांना! त्यासाठीच तर आणली आहेत.' हे उत्तर ऐकावयास मर्दानी वाटते. त्यात तथ्यही आहे, म्हणून ते आधी नीट ऐकून घेऊ.

आमच्या मध्यम वर्गाच्या घरांतील मूल आज उन्हात चालत नाही, भूक लागण्याच्या आत खाते, आणि रात्री वीज गेली तर सारे घर डोक्यावर घेते. त्याला अडचणीची ओळख व्हावी, ही पालकांची इच्छा रास्तच आहे. १९४१ साली वेल्समधील ॲबरडोव्ही येथे कुर्ट हान या जर्मन शिक्षकाने लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाच्या साह्याने तरुणांसाठी एक शाळा काढली. महायुद्ध चालू होते. पाणबुड्यांनी बुडविलेल्या व्यापारी जहाजांतील खलाशी लहान होड्यांतून समुद्रावर दिवसच्या दिवस तरंगत राहत, आणि त्यांत धडधाकट तरुण आधी हाय खातात, मुरलेले प्रौढ मात्र तग धरतात, असे होल्टचे म्हणणे होते. तेव्हा तरुणांस समुद्राची, डोंगराची, थंडीवाऱ्याची सवय आधीच करून द्यावी, या विचारातून ती शाळा निघाली, आणि पुढे तिच्या शाखा जगभर पसरल्या. हा विचार पोकळ नव्हता. त्यामागे बुडालेली माणसे होती.

परंतु याच साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात या शिबिरार्थींच्याच वयाची मुले उन्हात शेळ्या राखतात, पाणी वाहतात, आणि त्यांतली कित्येक आईबापांबरोबर ऊसतोडीला परमुलखात जाऊन पालाखाली सहा-सहा महिने काढतात. त्यांच्या भिजण्याला कोणी चारित्र्यसंवर्धन म्हणत नाही, व त्याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्रकही मिळत नाही. कष्ट हे स्वतःच माणूस घडवीत असते, तर तालुक्यातील सारी थोर माणसे त्या पालांतूनच निघावयास हवी होती. तेव्हा नुसत्या कष्टात काही जादू नाही, एवढे तरी मान्य करावे लागते. कष्टाबरोबर आणखी काहीतरी लागते, आणि ते काय, याची चौकशी केली पाहिजे.

आमच्या परंपरेत या गुणाला तितिक्षा असे नाव आहे. थंडी व ऊन, सुख व दुःख ही येतात आणि जातात, ती सोसावी, ही गीतेची शिकवण सर्वांस ठाऊक आहे. धुळ्याला तर ती विशेष जवळची असावयास हवी, कारण १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, आणि साने गुरुजींनी ती तेथेच उतरून घेतली. म्हणजे खानदेशचा सबंध उन्हाळा त्या प्रवचनांच्या पोटात आहे. तापलेल्या भिंतींच्या आत बसून शीतोष्णाविषयी बोलणाऱ्या माणसाच्या शब्दाला जे वजन येते ते इतरांच्या शब्दाला येणार नाही. मात्र एक गोष्ट नजरेआड होऊ नये. ते श्रोते आपण होऊन सत्याग्रहात उतरलेले होते. अर्जुनही जाणता क्षत्रिय होता, व उपदेश ऐकून झाल्यावर त्याला वाटेल तसे करण्याची मोकळीक देण्यात आली होती. तितिक्षा स्वतःची असते. दुसऱ्याच्या वतीने सोसता येत नाही, आणि दुसऱ्याकडून सोसवून घेतले तर त्याला तितिक्षा हे नाव लागू होत नाही. त्याला दुसरी नावे आहेत, ती येथे लिहीत नाही.

बारा-चौदा वर्षांच्या मुलाची संमती ही तर फारच नाजूक वस्तू आहे. 'कोणाला परत जायचे आहे का?' असे शिबिरप्रमुखाने रांगेपुढे उभे राहून विचारले, तर हात कोण वर करणार? शेजारचा हसेल, तुकडीचे गुण जातील, घरी कळले तर बाबा काय म्हणतील! शिस्त ही चांगलीच वस्तू आहे. पण शिस्तीने मुलाच्या तोंडचा 'नको' हा शब्द आधीच काढून घेतलेला असतो. तो काढून घेणाऱ्यावर मग त्या मुलाच्या वतीने तो उच्चारण्याची जबाबदारी येते. मुलांचेच कशाला? १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर पुरस्कारप्रदानाच्या सोहळ्यास लाखो माणसे भर उन्हात बसली होती. त्यांत उष्माघाताने चौदा जण दगावले. ती मोठी माणसे होती, त्यांना कोणी बांधून ठेवले नव्हते. पण श्रद्धेने आलेला माणूस कार्यक्रम संपण्याआधी उठत नाही, हे आम्हां सर्वांस माहीत आहे. जेथे प्रौढांना उठवत नाही तेथे मुलाने उठावे ही अपेक्षा करणे व्यर्थ होय.

उन्हाचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले, कारण या विषयातील खरा अवघड भाग तोच आहे. विजेच्या किंवा पुराच्या बाबतीत फारसा वाद होऊ नये. विजेपुढे कोणाचा निग्रह चालत नाही. प्रकाश दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत, तीन सेकंदांस एक किलोमीटर असा हिशेब धरावा, आणि हे अंतर तीस सेकंदांच्या आत आले की मुलांना पक्क्या इमारतीत न्यावे, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर सोडू नये. यात शौर्याला वाव कोठे आहे? तंबू म्हणजे इमारत नव्हे, आणि एकटा लिंब म्हणजे आसरा नव्हे, हे गुराखी पोरालाही कळते. परंतु ऊन हे शिक्षकही आहे आणि मारेकरीही आहे. सकाळी आठाला जे चालणे हितकर तेच साडेअकराला घातक. साक्रीचा मुलगा जे ऊन हसत सोसतो त्याने मुंबईच्या मुलाला भोवळ येते. त्यात मनाच्या दुबळेपणाचा संबंध नसून शरीराला उष्णतेची सवय होण्यास आठवडा ते दोन आठवडे लागतात हे कारण आहे. आणि शिबिर असते पाच दिवसांचे! म्हणजे शरीराला धडा कळण्याच्या आतच परीक्षा घेऊन त्याला नापास करावयाचे. प्रमुखाचा कस येथे लागतो. घड्याळ, सावली, पाणी, आणि गप्प झालेल्या मुलाचा चेहरा, या चारांकडे ज्याचे लक्ष आहे त्याने मुलांना खुशाल उन्हात न्यावे. ज्याचे लक्ष छायाचित्रांकडे आहे त्याने नेऊ नये.

ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण कोरियात सेमांगम येथे बालवीरांचा जागतिक मेळावा भरला होता. दीडशेहून अधिक देशांतील सुमारे त्रेचाळीस हजार मुले आली. जागा समुद्र हटवून काढलेली सपाट जमीन. झाडाचे नाव नाही. पहिल्या काही दिवसांतच शेकडो मुलांना उष्णतेचा त्रास झाला. ब्रिटन, अमेरिका व सिंगापूर येथील पथकांनी तळ सोडण्याचा निर्णय घेतला, आणि ८ ऑगस्टला चक्रीवादळाच्या भीतीने उरलेला सारा तळच हजारांवर बसगाड्यांतून हलवावा लागला. बेडन-पॉवेलने १९०७ साली ब्राउनसी बेटावर वीस-बावीस मुले घेऊन ज्या चळवळीचा प्रारंभ केला, आणि 'सिद्ध असा' हे जिचे ब्रीद, तिच्याच मेळाव्यात सिद्धतेची ही गत व्हावी याचे काहींना हसू आले. आम्हांस त्यात वेगळेच काही दिसते. आधी निघून गेलेली पथके भ्याली, असे कोणी म्हणेल काय? चार-पाच हजार मुलांच्या आईबापांना 'आम्ही तळ सोडीत आहो' असे कळविणे, वर्षावर्षांची वर्गणी व उत्साह मातीत घालणे, यजमान देशाचे मन दुखविणे, यांस जे धैर्य लागते ते तंबूत पडून राहण्यास लागत नाही.

कारण अंतःकरण उघडून पाहिले तर शिबिर पुढे रेटण्यामागे तत्त्वज्ञान क्वचितच असते. बसगाडीचे भाडे दिलेले असते. समारोपाचे पाहुणे ठरलेले असतात. शेजारच्या संस्थेचे शिबिर गेल्या वर्षी पावसातही पार पडले होते. मग 'थोड्या पावसाला काय भ्यायचे' हे वाक्य तोंडून निघते. ते वाक्य बोलणाऱ्याचे धैर्य दुसऱ्याच्या लेकरांच्या जिवावर चाललेले असते. हे त्याला त्या वेळी उमगत नाही, कारण भिजत तोही असतो.

४ जुलै २०२५ च्या पहाटे अमेरिकेत टेक्सास प्रांतातील ग्वादालूपे नदीला पूर आला. सुमारे पाऊण तासात पाणी सव्वीस फूट चढले. काठावर मुलींचे एक नावाजलेले, जवळजवळ शंभर वर्षांचे उन्हाळी शिबिर होते. त्यातील सत्तावीस मुली व त्यांच्या सांभाळकर्त्या तरुणी मृत्यू पावल्या. रात्री एकच्या सुमारास हवामानखात्याचा इशारा निघाला होता. शंभर वर्षांची परंपरा, प्रेमळ माणसे, धनाची वाण नाही, आणि तरीही! ही हकिगत वाचून आम्हांस कान आणि पांझरा आठवल्या. उन्हाळ्यात यांच्या पात्रातील वाळू रात्री गार पडते, काठच्या झाडांची सावली असते, डबक्यात पाणी असते, आणि तंबूच्या खुंट्या वाळूत सहज शिरतात. अनोळखी माणसाला यापेक्षा चांगली जागा सुचणार नाही. पण पाऊस वरच्या डोंगरात पडतो आणि पाणी खाली येते. डोक्यावर चांदणे असतानाही येते. १८७२ साली पांझरेच्या पुराने धुळे शहराचे फार नुकसान केले होते, ते शहर काही नदीच्या पोटात झोपलेले नव्हते.

या नद्यांवर फडबागायतीचे जुने बंधारे आहेत. पाण्याची वाटणी गावकरी आपसांत ठरवितात, आणि पाळी कोणाची हे पाटकरी सांगतो, मग शेतकरी कितीही मोठा असो. शिबिरवाल्यांनी ही रीत उचलावी असे आम्हांस सुचवावेसे वाटते. तळ कोठे द्यावा आणि केव्हा उठवावा हे सांगण्याचा अधिकार शिबिराच्या मानापमानाशी संबंध नसलेल्या एखाद्या जाणत्या गावकऱ्यास द्यावा, आणि त्याने 'नाही' म्हटले की चर्चा बंद. हवामानखात्याचे पिवळे, नारिंगी व तांबडे इशारे आज खिशातील यंत्रावर येतात, विजेची सूचना देणारी पुण्याच्या संस्थेची 'दामिनी' आहे. तरीही ज्याने तो ढग चाळीस वर्षे पाहिला आहे त्याचा डोळा उपयोगी पडतोच.

मग शिबिरे दिवाणखान्यात भरवावयाची काय? मुळीच नाही. चिखल, ओली अंथरुणे, धुराने भरलेली चूल, कच्ची राहिलेली खिचडी, डासांनी जागविलेली रात्र, हे सारे मुलांच्या वाट्याला यावे, अगदी भरपूर यावे. त्यातून जे हसू आणि जी मैत्री उत्पन्न होते ती वातानुकूलित खोलीत मिळत नाही. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात होते तेव्हा मुलांना स्वावलंबन शिकविताना मुलांची कामे स्वतः गुपचूप करून ठेवीत, ही गोष्ट खानदेशात अजून सांगतात. मुलाला अडचणीत लोटून आपण तंबूच्या दारात हाताची घडी घालून उभे राहणे, आणि त्याच अडचणीत त्याच्या आधी उतरणे, या दोहोंत मुलाला फरक कळतो. कष्टाबरोबर जे लागते म्हणून आम्ही वर म्हटले, ते बहुधा हेच असावे.

एक बाब राहिली. शिबिराच्या प्रवेशपत्रिकेत शेवटी बारीक अक्षरात एक वाक्य असते: कोणत्याही अपघातास आयोजक जबाबदार राहणार नाहीत. आईबाप त्याखाली सही करतात, कारण सही केल्याशिवाय मूल घेत नाहीत. कायद्यात या वाक्याची किंमत काय ती वकील सांगतील. नीतीत ते शून्य आहे. जबाबदारी ही सहीने उतरविण्याची वस्तू असती तर मूल सोपविताना 'सांभाळा हं' असे कोणी म्हटलेच नसते. त्या वाक्याच्या जागी प्रमुखाने दोन ओळी लिहाव्यात: तळ उठविण्याचा निर्णय कोण घेईल, आणि उठविल्यास मुले कोठे जातील. आणि लिहिलेल्या नसल्या तर आईने विचारावे. 'पाऊस आला तर रात्री मुलांना कुठे नेणार?' एवढेच. त्यावर 'बघू, तशी वेळ येणार नाही' असे उत्तर आले तर मुलाची पिशवी उचलून घरी यावे. आणि गावाचे नाव, शाळेच्या पक्क्या इमारतीचे ठिकाण, व तिची किल्ली रात्री ज्याच्या घरी असते त्या शिपायाचे नाव सांगणारा कोणी भेटला, तर मुलाला खुशाल त्याच्या हवाली करावे.